लवंगवारांचं सुतक

आमच्या उमरीचे यादीमास्तर अनोळखी माणसांचं सुतक पाळत. अट एकच : मेलेल्याचं आडनाव लवंगवार असावं. मग तो नागपूरचा असो की बडोद्याचा, मास्तर तीन दिवस दाढी करत नसत आणि देवाला फूल वाहत नसत. काकू वैतागून म्हणत, "अहो, त्या माणसानं तुम्हाला कधी पाहिलं तरी होतं का?" मास्तर शांतपणे सांगत, "ओळख नसली म्हणून सुतक चुकतंय व्हय?"

लवंगवार हे त्यांचं स्वतःचं आडनाव. तालुक्यात ते घर एकच. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वही सुरू केली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विख्यात लवंगवार'. त्या यादीवरूनच गावानं त्यांना यादीमास्तर केलं. मी वाचनालय सांभाळायचो. रोज दहाला ते येत, सगळी वर्तमानपत्रं शेवटच्या पानापासून चाळत आणि आडनाव सापडलं की चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसत. वर्तमानपत्रात छापून आल्याशिवाय वहीत प्रवेश नाही, हा त्यांचा नियम. निधनवार्ता त्यात धरत नसत. "मेल्यावर कुणीबी छापून येतंय, शिंदे."

वहीत एक निवृत्त न्यायाधीश होते, एक सतारवादक बाई होत्या, एक भालाफेकपटू होता. चौथी नोंद राजाची. चाकूरच्या कृषी प्रदर्शनात पहिला आलेला बैल. छायाचित्राखाली 'लवंगवार यांचा राजा' असं छापलं होतं.

"मास्तर, हा बैल आहे," मी म्हणालो.

"मग? बक्षीस कुणाला मिळालं? मालक तर नुसता कासरा धरून उभा हाय."

त्यांनी लिहिलं : राजा लवंगवार, चाकूर, प्रथम क्रमांक.

नोंद झाली की त्या व्यक्तीला पोस्टकार्ड जाई. 'आपण लवंगवार, आम्हीही लवंगवार. आनंद वाटला.' पत्ता मिळवायला ते आठवडा आठवडा घालवत. उत्तर कुणाचंच येत नसे. लातूरला दिलेल्या लेकीनं त्यांना मोबाईलवर 'लवंगवार परिवार' असा ग्रुप काढून दिला. त्यात ते एकटेच होते. रोज सकाळी तिथं 'सुप्रभात' लिहीत आणि दुपारी तेच पुन्हा उघडून वाचत.

पोस्टकार्डाला उत्तर आलं ते एकदाच, बैलाच्या मालकाकडून. 'राजा विकला. कळावे.' मास्तरांनी ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं आणि वहीत राजाच्या नावापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं.

शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो होतो. वही उशाशीच होती. म्हणाले, "तुमचं बरंय. शिंदे मुबलक. एक गेला तरी दुसरा हाय. मी इतक्या लवंगवारांचं सुतक धरलं, शिंदे. माझं कुणी धरील का?" मी पाण्याचा पेला पुढे केला.

ते गेले. दुसऱ्या दिवशी मी वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर कार्डं टाकली. बैलाचाही पत्ता सोडला नाही. माझी दाढी त्या दिवसापासून तशीच राहिली. ठरवून नव्हे, हात जाईना.

तेराव्याला पंगत बसत असताना दारात एक गृहस्थ उभे राहिले. धोतर, टोपी, दाढीचे पांढरे खुंट, हातात माझं कार्ड.

"चाकूरहून आलो. नातं लागत न्हाई," ते काकूंना चाचरत म्हणाले, "पर कार्ड आलं तवापासनं वस्तरा लावला न्हाई. आमच्या राजाचं नाव लिव्हलं हुतं त्यांनी."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांना माझ्या शेजारी बसवलं. पानाभोवती पाणी फिरवून त्या गृहस्थांनी माझ्या दाढीकडे पाहिलं.

"तुमी बी लवंगवारच का?"

समोर मास्तरांची लेक वाढत होती. तिची वरणाची पळी हवेतच थांबली.

"हाव," मी म्हणालो.

तिनं माझ्या भातावर वरण वाढलं.