सुमनचा गुडघा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. सख्ख्या भावापाशीसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. त्यातही भेकडपणाच आहे म्हणा.

माणसं तोलायची मला खोड आहे. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसा मी समोरच्याचे बूट बघतो आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करतो. चार वर्षांमागे पिंपळवंडीहून आम्ही बारा जण हिमाचलात बर्फ बघायला गेलो, तेव्हा बाकीचे अकरा नारायणगाव यायच्या आतच नापास झाले होते. साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल. बर्फात बसून भाकरी-ठेचा खायचा, आणि स्कीइंग शिकवणाऱ्याला म्हणायचं, "पावणं, या जेवायला." मला लई लाज वाटायची.

तिथे सगळ्यांची सोय होती. चिल्ल्यापिल्ल्यांना आणि नवख्यांना बुटका उतार, म्हाताऱ्यांना बसून घसरायच्या गाड्या, पट्टीच्या लोकांना वरचा कडा. मी महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून गेलेलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात लोक — मी तर हळकुंड पाहिलंही नव्हतं. पायात स्की अडकवून, बर्फात घालायचा भाड्याचा चष्मा घेऊन पुण्याच्या एका झकपक कुटुंबाशेजारी उभा राहिलो. "मीही पुण्याचाच," म्हणालो. जिल्हा पुणेच की, खोटं काय? उतारावरून खाली घसरत गेलो मात्र एकदाही नाही. सगळी मर्दुमकी तोंडात.

आणि सुमन — माझी बायको — त्या बुटक्या उतारावर. साडी भाड्याच्या कोटात कोंबून, खिदळत घसरली आणि पडली. लागलं काहीच नव्हतं. पण पायात त्या लांब पट्ट्या, उठता येईना. तिनं हाक मारली, "अवं, या की हिकडं. हात द्या जरा."

शेजारचा गृहस्थ हसला. "तुमच्याबरोबरच्या का?"

आता सांगतोच. मी म्हणालो, "छे हो. असतील कुठल्यातरी खेड्यातल्या."

किती लांब होती ती? वीस पावलंही नाही. तिनं आणखी दोनदा हाक मारली. मग एकटीच उठायला गेली, पट्ट्या एकमेकींत अडकल्या आणि गुडघा पिरगळला. ती किंचाळली — तेव्हा तरी धावलो का? शिकवणाऱ्यानं तिला उचललं. पुण्याची मंडळी चहाला गेल्यावर मी तिच्याजवळ पोचलो.

तिला आता मांडी घालून बसता येत नाही. कांद्याच्या लागणीला बांधावर खुर्ची टाकून बसते. बाया विचारतात, तेव्हा सांगते, "ह्यांच्या चष्म्यावर वाफ धरली व्हती, बाई. मी पडलेली दिसलेच न्हाई ह्यांना." मी तिथेच असतो. मान डोलावतो.

चष्मा मी कपाळावर चढवलेला होता. पडल्या जागेवरून ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.