नजरेनं नासत नाही

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एका रविवारी आमच्याच सभागृहात व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याने ठणकावलं, की क्वांटम विज्ञानानुसार आपण पाहू तसं जग घडतं. आजार बरा होत नसेल तर म्हणे रोग्याचीच दृष्टी चुकते. वर टाळ्या! तणतणत मी सिंदी मेघेच्या बाजारात गेलो.

तिथे केळझरची एक बाई भेंडी विकते. नाव कधी विचारलं नाही. ओलं पोतं ती ढिगावर सतत नीट पसरत असते. त्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "नजर लागली मावशी, काळी पडली भेंडी."

ती कडाडली, "नजरेनं काऊन काळी पडन? हवा लागते, ऊन लागते, लोकायचे हात लागते. कोनी पाहो का नाई पाहो!"

हेच शिकवायला मला आठवडा लागतो. कणाची नाजूक क्वांटम अवस्था कुणाच्या मनाने नाही, भोवतालच्या हवेच्या, प्रकाशाच्या धक्क्यांनी विस्कटते. त्याचा अर्थ काय, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण रोग्याला दोष द्यायला त्यात जागा नाही.

ती भर बाजारात बोलली. मी सभागृहात त्याच पाहुण्याचं आभारप्रदर्शन केलं होतं.