वाक्याआधीचा तारा

आमच्या कॉलेजात तीन दिवसांची कार्यशाळा झाली, त्याला आता दोन वर्षं होतील. विषय होता वेगवेगळ्या भाषांची वाक्यरचना आणि तिच्यामागचं गणित. मी तिथं मराठी शिकवतो. माझ्याकडे काम दिलं होतं शेवटच्या दिवशी आभार मानण्याचं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि आभार मानणं, गावातल्या माणसाला एवढंच जमतं, असा आमच्या विभागप्रमुखांचा पक्का समज आहे.

मुख्य व्याख्याते राज्याबाहेरच्या एका मोठ्या संस्थेतून आले होते. मराठीच माणूस, गणित शिकून भाषेकडे वळलेला. बोलायचे छान, हे मी नाकारत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर कन्नड आणि मराठी शेजारी-शेजारी मांडल्या. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागून जातं. मराठीत भूतकाळ आला की ते कर्त्याला सोडतं आणि कर्माच्या मागून जातं. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला. खाणारा तोच, क्रियापद बदललं. याचं त्यांच्याकडे एक सूत्र होतं. त्या सूत्रातून काय निघूच शकत नाही, तेही त्यांनी लिहून दाखवलं: ‘मी भाकरी खाल्लो.’ वाक्याच्या आधी त्यांनी एक तारा काढला. तारा म्हणजे अशक्य. असं कुठलाच मराठी माणूस बोलत नाही.

सीमेजवळच्या मंद्रूपच्या शाळेत चौथीत असताना याच वाक्यासाठी मी मार खाल्ला होता. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही, गल्लीत मराठी, आणि दोन्हीकडची मराठी अशीच. गुरुजींनी विचारलं, डबा का नाही आणलास. मी म्हणालो, “मी घरीच भाकरी खाल्लो.” गुरुजी म्हणाले, “भाकरी खाल्लो? भाकरीला मिशा आहेत का रे?” सगळा वर्ग हसला आणि वर हातावर दोन छड्या बसल्या. त्यानंतर घराबाहेर माझं क्रियापद कधी चुकलं नाही. अशक्य वाक्याला छड्या कशा बसतात, ते काही त्या सूत्रात नव्हतं.

सभागृहात तारा अजून पडद्यावरच होता. तेवढ्यात मामा दारात आले. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई, निवृत्तीला आलेले, आमच्याच भागातले. हातात कपांचा ट्रे होता. विभागप्रमुखांना हळूच म्हणाले, “सर, मी चहा आणलो. आत देऊ का?”

माझा हात आपोआप वर गेला. म्हटलं, “सर, आत्ता याच सभागृहात एक माणूस असं बोलला.” आणि मी मामांकडे बोट केलं.

विभागप्रमुख घाईघाईनं म्हणाले, “अहो, ते शिपाई आहेत. शिकलेले नाहीत, चुकतात बोलताना.” मामा त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.

पाहुणे माइक घेऊन खाली आले. अगदी नम्रपणे म्हणाले, “मामा, आत्ता काय म्हणालात? परत एकदा म्हणता का?”

सगळ्या सभागृहानं माना वळवल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग विभागप्रमुखांकडे.

“चुकलं सर,” मामा म्हणाले. “मी चहा आणला.”

पाहुणे आमच्याकडे वळले. “बघा, बोलणाऱ्यानं स्वतःच दुरुस्ती केली. व्याकरण शाबूत आहे, फक्त जीभ घसरली.” लोक हसले. तारा जागच्या जागी राहिला आणि चहा वाटला गेला.

मी मागच्या पडवीत गेलो. मामा कप विसळत होते. म्हटलं, “मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “मग तुमी उभारून सांगायचं की सर. तुमी बी घरात तसंच बोलता. मला कशाला पुढं केलात?”

पाहुण्यांचा राग आला होता. विभागप्रमुखांचा त्याहून जास्त, कारण टेंभुर्णीला राहणाऱ्या आईशी फोनवर बोलताना हाच गृहस्थ ‘हाय की’, ‘न्हाय की’ करतो. पण या सगळ्यांपेक्षा मला माझाच संताप आला. चौथीतल्या त्या वर्गासमोर मी स्वतः परत उभा राहिलो नाही, मामांना उभं केलं.

तिसऱ्या दिवशी आभाराला उठलो तेव्हा लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला. म्हणालो, “मी तीन दिवस तुमची भाषणं ऐकलो. मी टिपणं काढलो. मी सरांचं सूत्र वहीत उतरवून घेतलो.” लोकांना वाटलं मी नक्कल करतोय. हशा झाला, कुणी टाळ्याही वाजवल्या. मी थांबलो नाही. “आमच्या मामांचा चहा तुम्ही प्यालात आणि त्यांचं वाक्य खोडलात. माझं खोडून दाखवा.” मग कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतून विभागप्रमुख मला हातानं बसायची खूण करत होते.

नंतर पाहुणे मला भेटायला आले. रागावले नव्हते. म्हणाले, “तुमचं वाक्य पुरावा म्हणून धरता येणार नाही. तुम्हाला मुद्दा माहीत आहे, तुम्ही मुद्दाम बोललात.”

“आणि मामांचं?”

“ते त्यांनी मागे घेतलं.”

“म्हणजे घाबरलेल्याचं चालत नाही आणि न घाबरलेल्याचंही चालत नाही. मग तुम्ही विचारता कुणाला?”

“सविस्तर बोलू कधीतरी,” म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. त्यांना स्टेशनवर सोडायला मला कुणी सांगितलं नाही.

आठवडाभरात कॉलेजकडून मला लेखी खुलासा मागितला गेला: व्यासपीठावर अशुद्ध भाषा का वापरली. मी एकाच ओळीचं उत्तर दिलं की ती माझी भाषा आहे. पुढच्या कार्यशाळेच्या यादीत माझं नाव आभारालाही नव्हतं. कार्यशाळेतल्या निबंधांचं पुस्तक निघालं, त्यात तारा होता. खाली बारीक अक्षरात टीप होती, की सीमाभागात असे प्रयोग असल्याचं एकानं सांगितलं, पडताळणी झालेली नाही. पडताळायला फक्त मंद्रूपची एसटी पकडायची होती, बाजाराच्या दिवशी.

मामांची मी विभागप्रमुखांसमोर माफी मागितली. “राहू द्या सर,” एवढंच म्हणाले. बाकीच्या शिपायांशी ते व्हरांड्यात आपल्या पद्धतीनं बोलतात. मी दिसलो की थांबतात. मग एकेक शब्द जपून उच्चारत म्हणतात, “सर, मी हजेरीपट आणला आहे.” मी हजेरीपट घेतो आणि मराठी शिकवायला वर्गावर जातो.