चुलीपाशी नितीन होता

माझी बायको सगुणा गेली आणि माझी प्रार्थना बंद पडली. खोटं कशाला लिहू? रविवारी चर्चला जायचो, बाकावर बसायचो, सगळे डोळे मिटायचे तेव्हा मीही मिटायचो, पण आत काही हलायचं नाही. आमच्या घरात रोज दिवेलागणीला भक्ती व्हायची. गायची ती, वाचायची ती, प्रार्थनाही तीच करायची. मी शेवटचं आमेन तेवढं म्हणायचो. आता गाणारीच गेली, तर नुसतं आमेन कुणाच्या मागं म्हणायचं? पाळकसाहेब समजूत घालायला आले तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं, "साहेब, देवाला बोलायचं असंल तर त्यानं आधी बोलावं. मी रुसलोय." ते हसले आणि चहा पिऊन गेले. मी चौथी शिकलेला गवंडी माणूस. विटेवर वीट ठेवावी तसं बोलतो, आणि लिहितोयही तसंच.

आमच्या राहुरीकडच्या गावात माणूस जाऊन वर्ष झालं की स्मरणभक्ती करतात. भजनं होतात, प्रार्थना होते, मग जेवण. जेवणाची रीत अशी, की रस्सा घरच्यांचा आणि भाकरी चर्चच्या मंडळीची. आदल्या दिवशी बाजरीचं पीठ घरोघर वाटून द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी बायांनी त्याच्या भाकरी भाजून दुरड्या भरून आणायच्या. पीठ एका घरचं, हात सगळ्यांचे. ज्याच्या दारात भाकरी आली नाही त्याला मंडळीनं टाकलं, असा त्याचा अर्थ. सगुणाच्या वर्षाचं पीठ मी स्वतः वाटलं. प्रत्येक दारात बायांनी तिची आठवण काढली, आणि मला वाटलं, चला, हे तरी नीट पार पडेल.

त्या सकाळी मटण येऊन पडलं, पातेली घासून झाली, आणि आचाऱ्याचा फोन आला. त्याचे सासरे कोपरगावला वारले होते. त्याला काय बोलणार? म्हणालो, "जा बाबा. माझी बायको जाऊन वर्ष झालं, तुझा सासरा ताजा हाय." फोन ठेवला आणि पातेल्यांकडं बघत बसलो. मला चहासुद्धा नीट करता येत नाही. मनात म्हटलं, बघ देवा, अजून बोलत नाहीस ते नाहीसच, वर आचारीही काढून घेतलास.

तेवढ्यात फाटकाशी "सलाम काका" ऐकू आलं. सुधीर होता. सगुणाच्या बहिणीचा मुलगा, आईविना आमच्याच घरात वाढलेला. आता चाळिशीला आला. त्याच्यामागं पिशव्या धरून नितीन उभा होता. इथं सरळ सांगतो, म्हणजे कुणी अंदाज बांधत बसायला नको. सुधीर पुण्याला नितीनबरोबर राहतो, आणि एका खोलीतले भाडेकरू राहतात तसा नाही. लग्नाची माणसं राहतात तसा. शिकलेले लोक त्याला गे म्हणतात. आमच्या गावात जे म्हणतात ते इथं लिहीत नाही. माझं मत पाळकसाहेबांसारखंच आहे, लग्न देवानं बाई आणि पुरुषाचं नेमलं असं मी मानतो. सुधीर तसं मानत नाही, आणि तो बायबल माझ्यापेक्षा जास्त वाचतो. यावर आमचं कधी जमलेलं नाही. सगुणाच्या मातीला तो आला होता, पण कबरस्तानाच्या फाटकातूनच परत गेला, घरी आला नाही. या वेळी दोघं येतील असं मला वाटलंच नव्हतं.

नितीनला मी पहिल्यांदा बघत होतो. मूळचा कोपरगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. पुण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करतो. मी आचाऱ्याचं रडगाणं सांगितलं, तर त्यानं मला धीर-बिर काही दिला नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, "काका, सरपण वाळलेलं हाय ना?" पाच मिनिटांत चूल पेटली. सुधीर कांदा चिरत होता आणि रडत होता. नितीन त्याला म्हणाला, "कांद्यानं रडतोयस का मावशीसाठी ते सांग, म्हंजी कांदा बदलायचा का न्हाई ते ठरवतो." सुधीर हसला. घरात कुणी हसल्याला बरेच महिने झाले होते.

पण गाव लहान. चूल पेटल्याचा धूर दिसायच्या आधी बातमी पोचली. चर्चच्या कमिटीतला पंच दानियल, माझा लहानपणापासूनचा दोस्त, फाटकाशी येऊन थांबला.

"मिस्त्री, जरा हिकडं ये. चुलीपाशी त्यो कोन हाय?"

"नितीन."

"म्हंजी त्योच ना?"

"त्योच."

"मंग उठव त्याला. लोक म्हनत्यात, त्याच्या हातचं आमी खानार न्हाई. बायांनी भाकरी करून झाकून ठिवल्यात."

"लोकांचं सोड. तू खातो का न्हाई?"

"माझं काय इचारतो? मी पंच हाय, मला चार लोकांत बसायचंय."

"मंग चार लोकांतच जेव," मी म्हणालो. तो मान हलवत गेला.

सुधीरनं सगळं ऐकलं होतं. तो घरात गेला आणि पिशवी घेऊनच बाहेर आला. "काका, आम्ही निघतो. मावशीचं जेवण आमच्यापायी वाया जायला नको." चुलीपाशी बसलेल्या माणसाला मात्र हलायला वेळ नव्हता. नितीन मागं न बघता म्हणाला, "मटण शिजल्याशिवाय मी कुठं येत न्हाई. तू जा पुढं." मी सुधीरला म्हणालो, "पिशवी ठेव. निघायचं का नाही ते मी सांगतो." म्हणालो खरं, पण मलाच माहीत नव्हतं काय सांगायचं ते. एका बाजूला सगुणाच्या नावाची पंगत. तिची मैत्री गावभर होती, आणि तिच्या वर्षाला भाकरी आली नाही तर मला ते मरेपर्यंत सलणार. दुसऱ्या बाजूला तिनं वाढवलेला पोरगा, तिच्या रक्ताचं तेवढंच माणूस उरलेलं. त्याला आज दारातून जाऊ दिलं तर तो परत या दारात येणार नाही, हे मला कळत होतं.

मी घरामागं पाण्याच्या टाकीपाशी गेलो. गुडघे दुखतात म्हणून उभाच राहिलो. म्हणालो, "प्रभू, मला यातलं कळत नाही. पाळकसाहेब पुस्तकातलं सांगतात ते मी मानतो. पण पोराला हाकलून त्याच्या मावशीचं जेवण घालायचं, हे मला जमत नाही. भाकरी येऊ दे नाहीतर येऊ नको देऊ, मी त्यांना घालवत नाही. आता पुढचं तू बघ, माझ्या हातात काही नाही." आणि आमेन म्हणालो. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडून प्रार्थना निघाली होती, तीही भांडण काढल्यासारखी. पण छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटलं.

परत आलो तर नितीननं पळीनं थोडा रस्सा माझ्या तळहातावर टाकला. "मीठ बघा, काका." मी चाटला आणि तिथंच पायरीवर बसलो. ती सगुणाची चव होती. तिचा काळा मसाला, दगडफूल जरा जास्त टाकलेला, तो दुसऱ्या कुणाचा नसतोच. डोळ्याच्या ऑपरेशनला ती पुण्याला या दोघांकडं राहिली होती, मी गेलो नव्हतो, तेव्हा तिनं नितीनला पुढं बसवून तो करायला शिकवला होता. नितीन म्हणाला, "लई शिव्या खाल्ल्या मी त्या मसाल्यासाठी. मिरच्या करपल्या की म्हणायच्या, कॅन्टीनवाल्या, हे काय माणसांनी खायचं?" मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदमच. तिची चव आता जगात एकाच माणसाच्या हातात राहिली होती, आणि आचारी नेमका त्याच दिवशी कोपरगावला गेला होता. हा चमत्कार होता का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी फक्त झालं तसं सांगतोय.

पाळकसाहेब आले. कुणीतरी त्यांना वाटेतच अडवलं होतं. ते मला म्हणाले, "मिस्त्री, मी प्रार्थना करायला आलोय, चुलीचा पंचनामा करायला नाही." भजनं झाली, वचन झालं, प्रार्थना झाली. माणसं बसली होती थोडीच. रस्सा तयार होता आणि भाकरीचा पत्ता नव्हता. सुधीर फाटकाकडं बघायचा आणि मान खाली घालायचा.

मग काशीबाई आली. सगुणाची मैत्रीण, जिभेनं तिखट, आणि मंडळीत सगळ्यात कडक. चर्चमध्ये कुणाच्या डोक्यावर पदर नसला तर भर भजनात सांगणारी. तिच्या डोक्यावर दुरडी होती आणि मागं चार-पाच बाया. आल्या आल्या तिनं आवाज टाकला.

"भाकरी गार व्हाया लागल्यात, अन् तुमी कसली तोंडं पाडून बसलाय? माझ्या आजीला हिरीवर वरून पानी वाढायचे. कुनाच्या हातचं खायाचं अन् कुनाच्या न्हाई, हे आपल्या लोकांनी लई सोसलंय. प्रभूच्या पंगतीला बसलो अन् त्यातनं सुटलो. आता आपनच सुरू करायचं व्हय?" मग ती सुधीरपुढं जाऊन उभी राहिली. "तुझं मला पटत न्हाई, अन् पटनार बी न्हाई. कळलं का?"

"कळलं, काशीमावशी."

"मंग वाळला का इतका? हा कॅन्टीनवाला तुला खायाला घालत न्हाई का?"

नितीन म्हणाला, "घालतो ओ मावशी, अंगाला लागत न्हाई त्याच्या."

"तू वाढ मला आधी. बघते तुझा हात."

तिनं पहिला घास घेतला आणि बोलायची थांबली. काशीबाई गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग पदरानं डोळे पुसत एवढंच म्हणाली, "सगुणीचा हाय की रं."

सगळ्या भाकरी आल्या असं नाही. काही घरांतलं पीठ तिकडंच राहिलं, आणि शेवटी भाकरी कमी पडल्या म्हणून नितीननं भात टाकला. दानियल सगळ्यात उशिरा आला, भिंतीकडं तोंड करून बसला, आणि रस्सा दोनदा मागून घेतला. मी आणि सुधीर शेजारी शेजारी बसून जेवलो. नितीन वाढून दमला तेव्हा त्याला मधे बसवलं आणि मी वाढलं. रस्सा त्याच्या पँटवर सांडला, पण त्यानं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. सुधीर एसटीच्या थांब्यावर घुटमळत म्हणाला, "काका, नाताळला येऊ का?" मी म्हणालो, "विचारतोस काय? दोघं या. पण वाद घालायची तयारी करून ये, माझं मत मी बदललेलं नाही." तो म्हणाला, "माझंही नाही." आणि त्यानं मला मिठी मारली. आमच्याकडं पुरुष अशी मिठी मारत नाहीत. मी अवघडलो, पण सोडली नाही.

मी प्रभूचे आभार मानतो. माझ्या रुसण्याला त्यानं उत्तर दिलं, आणि ते मी कधी मागितलं नसतं अशा हातानं दिलं. खरं-खोटं निवडायचं काम मी त्याच्यावर सोपवलंय. त्याला ते पेलतं, मला पेलत नाही. आता दिवेलागणीला मी एकटाच भक्ती करतो. गाता येत नाही, तरी भसाड्या आवाजात गातो. सुधीरचं नाव घेतो, नितीनचं घेतो. त्यांना बदल असं म्हणत नाही, मला बरोबर ठरव असंही म्हणत नाही. दोघांना सुखरूप ठेव, एवढंच म्हणतो.