पडद्यावर माझीच ओळ

मंडळी, ऑफिसने पहिल्यांदाच सगळ्या टीमला वेब डिझाइनच्या कॉन्फरन्सला पाठवलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

आज वक्त्याने एआयला एक वाक्य सांगितलं आणि डोळ्यांदेखत अख्खी वेबसाइट तयार झाली. मग त्याने कोड उघडून दाखवला. मध्येच मराठीत कॉमेंट, म्हणजे प्रोग्रामरसाठीची टीप: "बाबांनो, इथे हात लावू नका, सगळं कोसळेल."

सभागृह हसलं. मला घाम फुटला. आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसातल्या कोडमध्ये ती ओळ मीच ज्युनिअर्ससाठी लिहिली होती, आणि तो कोड ऑफिसबाहेर कुणाकडेच नव्हता.

शेजारी बसलेली टीममधली मेघना कुजबुजली, "अरे, ही तुझीच ना?"

पुढच्या रांगेत आमचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत्ता त्यांचा मेसेज आलाय: "उद्या लॅपटॉपसोबत ऑफिसने दिलेली बॅग आणि चार्जरही आणा."

बॅग कशाला हवी असेल हो?