आजोबांचं विमान

आमच्या शेजारचे वाघमारे काका चिंचेचा पाला खिशात घालून फिरत. रंग जुळवायला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बरकतपुऱ्यातल्या खोलीत ते प्लास्टिकची छोटी विमानं जोडत. तीही महायुद्धात प्रयोग म्हणून आखलेली, बहुतेक कधी उडालीच नाहीत अशी. मग ते आणि मी ठरवत बसायचो, हे विमान निजामाच्या फौजेत आलं असतं तर कोणत्या रंगात आलं असतं?

"अरे हौल्या, येडा का तू? वरून आपला मुलूख कसा दिसतो? दगड अन् चिंच. मग निळा कैकू?" असं म्हणून ते माझ्या हातातला ब्रश हिसकून घेत. शिस्त मात्र कडक. प्रत्येक विमानाखाली पाटी: 'हे घडलेलं नाही.' "थापा मारायच्या तर सांगून मारायच्या, मियाँ," म्हणत. त्या एका वाक्यापायी मी या माणसावर जीव टाकला.

माझे आजोबा युद्धाच्या काळात विमानतळावर रंगारी होते. तेलाचे ड्रम रंगवायचे. बाबांकडे त्यांचा एकमेव फोटो, हातात डबा आणि ब्रश. काकांनी तो मागितला आणि मी बाबांना न विचारता ट्रंकेतून काढून दिला.

पुढं शहरात एक प्रदर्शन भरलं. पाहतो तर काकांच्या विमानाशेजारी तोच फोटो. खाली आजोबांचं नाव आणि 'निजामाच्या गुप्त विमानाला रंग देणारे कारागीर'. नेहमीची पाटी गायब. एक बातमीदार सगळं टिपून घेत होता.

"काका, पाटी?"

"नक्को रे. पाटी लावली तर कोण थांबतंय? अन् तुझ्या आजोबाला मोठंच केलं ना मी? ड्रम रंगवणाऱ्याला कोण विचारतं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी छापून आली. खरं काय ते सांगून टाकायचं म्हणून पेपर घेऊन मी बाबांसमोर बसलो. ते फोटोवरून बोट फिरवत म्हणाले, "माझा बाप ड्रम रंगवतो म्हणून शाळेत पोरं हसायची रे." खरं सांगायचं ठेवून मी पेपर त्यांच्या हातात दिला.

काकांशी मी बोलणं टाकलं. केसानं गळा कापला होता त्यांनी माझा. गेल्या उन्हाळ्यात ते वारले तेव्हाही मी गेलो नाही. बाबा गेले, हार घेऊन, काठी टेकत. परतले तेव्हा डोळे सुजले होते.

"सख्ख्या भावानं केलं नसतं ते त्या माणसानं माझ्या बापासाठी केलं," ते म्हणाले. "तू का नाही आलास?"

"सुट्टी मिळाली नाही," मी म्हणालो.