कागद फिरवणारी

माझ्या नवऱ्याच्या घरी, जपानमध्ये, कापडावरच्या नक्षीसाठी कागदाचे साचे हाताने कोरतात. हा कागद तुरट फळाच्या रसात माखून धुरावर वाळवलेला असतो. रंग जुन्या चामड्यासारखा, वास धुराचा. साच्यातून कापडावर तांदळाची खळ ओढायची, मग कापड रंगवायचं. खळ बसली तिथे रंग लागत नाही. नवरा बहरीनला इंजिनिअर म्हणून आला, तरी शुक्रवारी माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोरायला बसायचा. मलाही त्यानेच शिकवलं.

सुरी पुढे ढकलायची, कागद हलवायचा नाही, हे मात्र माझ्या हाताला कधी पटलं नाही. मी विळीवर भाजी चिरत मोठी झाले. पातं जागेवर, फिरतो तो हात. मी सुरी उभी धरायचे आणि कागद फिरवायचे.

"ही साचा कोरत नाही, भेंडी चिरते," तो म्हणायचा. तेवढं मराठी त्याला यायचं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याची थोरली बहीण त्या घरातली शेवटची कोरणारी, आणि तिला आता बारीक काम दिसत नाही. तिने फोनवर सांगितलं, उरलेला कागद परत पाठव. असा कागद आता सहज मिळत नाही. तिचं बरोबर होतं. तरी मी म्हटलं, आधी एक साचा कोरून पाठवते. तो नीट उतरला नाही तर सगळा कागद परत करीन.

त्यांच्या घरची लाटांची नक्षी घेतली. एसीच्या कोरड्या हवेत कागद पात्याखाली तडकतो, म्हणून भर ऑगस्टमध्ये एसी बंद ठेवला. मुलगी दारातून डोकावायची.

"आई, यू विल मेल्ट."

"इंशाल्ला, साचा झाल्यावर."

पहिल्या साच्यातला, नक्षी जोडून धरणारा बारीकसा सांधा तुटला आणि अख्खी लाट गळून पडली. पुन्हा पहिल्यापासून कोरला, पाठवला आणि मगच एसी लावला.

नणंदेने तिथल्या रंगाऱ्याकडून त्या साच्याने कापड रंगवून घेतलं आणि व्हिडिओ कॉल केला. निळं कापड तिने डोळ्यांजवळ धरलं होतं. मुलगी भाषांतराला माझ्या शेजारी बसली.

"आत्या सेज, हे त्यांच्या घरचं नाही. ऑल द वेव्हज लीन लेफ्ट."

"सांग तिला, मी सुरी नाही फिरवत. कागद फिरवते."

नणंदेने कापड खाली घेतलं. मग काहीतरी बोलली. त्या जपानी वाक्यातला एक शब्द मला लगेच कळला. भेंडी.

"शी इज आस्किंग, म्हणजे बाबा सांगायचे ते खरं होतं? द भेंडी थिंग?"

मी मान हलवली. तिकडे नणंद तोंडावर हात ठेवून हसत होती. मग डोळे पुसू लागली. कापडावरून तिने सावकाश बोट फिरवलं. मुलगी म्हणाली, "सांधे पक्के आहेत म्हणे. कीप द पेपर. पण पुढची नक्षी तुझी तू काढ, आमच्या लाटा वाकड्या करू नकोस."

फोन ठेवल्यावर मी फ्रिजमधून एक भेंडी काढली आणि आडवी चिरली. पाच कोनांची चकती निघाली. ती समोर ठेवून पेन्सिलीने काढायला घेतली.

"आई, आता एसी?"

"बंद कर," मी म्हटलं.